उजव्या पायाचं नवरात्र

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोज लिहायचं. शेजारचे वसंतराव सर, रिटायर हेडमास्तर, म्हणाले, शेषराव, वाईट दिवसांत माणसानं चार ओळी लिहाव्या, चार पानं वाचावी आणि चार घास नीट खावे. दिवस वाईट आहेत हे खरं. पावसानं दसऱ्याच्या तोंडावर झेंडू कुजवला. नर्सरीत पोटरीइतका चिखल. मुलगा कुंदन तुटक बोलतो. त्यात ऑगस्टमध्ये रागिणीनं (मुलगी, अकोल्याला दिली) मला तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन शुगर तपासली. तेव्हापासून घरात मी पेशंट. फाईल कपाटात आहे. वाचली नाही. डॉक्टरांचं अक्षर मला लागत नाही. कॉम्प्युटरवर टाईप केलेली आहे, तरी नाही लागत.
निश्चय. एक, नवरात्रात नऊही दिवस अनवाणी. एकतीस वर्षं मोडलं नाही. पहिल्या वर्षी भाजीची हातगाडी होती अन् चप्पल नव्हती, म्हणून देवीच्या नावावर टाकलं. मग चपला आल्या, दुकान आलं, नर्सरी आली, नेम राहिला. दोन, कडक उपास. शुगर आपोआप उतरेल. तीन, सरांनी दिलेली राजघराण्याची कादंबरी. पानं ५४०. रोज साठ. नवमीला खलास.

२२ सप्टेंबर, सोमवार.
पहाटे अंबादेवीला पायी. रस्ताभर गिट्टी. तरणी पोरं उड्या मारत, हाय हाय करत चाललेली. मला काहीच नाही. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, पाह्य वं, काका कसे चालून राहिले, जसं गादीवर. बरोबर ऐकलं. कान तिखट आहेत माझे. तीस वर्षं बाजारात काढली, गिऱ्हाईक मनात बोललं तरी ऐकू येते.
निघताना बायकोनं, जयवंतानं, दारात चप्पल आडवी ठेवली होती. ओलांडून गेलो.
फराळाला शिंगाड्याचा शिरा, दोन वाट्या. शिंगाडा पाण्यातला, प्रकृतीनं थंड. जयवंता म्हणे, अन् त्यातली साखर? तेही पाण्यातलीच काय? उपासाच्या दिवशी वाद करू नये.
पान ११ पर्यंत.

२४ सप्टेंबर, बुधवार. दुपारी ४.
परतवाड्याकडून सीताफळं आली, डोळे उघडलेली, मऊ. दोन खाल्ली. मग दोन. फळ औषधात मोडतं. जयवंता स्वयंपाकघरात राजगिऱ्याच्या लाडूचा डबा जागा बदलून ठेवते. पण झाकणाचा आवाज मला तीन खोल्यांवरून कळतो. आज गव्हाच्या कोठीमागे होता.
मन शांत आहे. कुजलेल्या झेंडूचा विचार सीताफळ खाताना येत नाही, हे अनुभवानं सांगतो.
कादंबरी पान १४. राजाचा काका कोण ते विसरलो. परत ११.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.
फरशीवर लाल ठिपके. दारापासून थेट माझ्या खुर्चीपर्यंत. कुंकू सांडलं म्हटलं. जयवंता खाली बसली अन् माझा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. लग्नाला अडतीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. ओशाळलो. तिनं अंगठ्याखालून बाभळीचा काटा ओढून काढला, अर्ध्या बोटाएवढा. म्हणे, हा कधी गेला? म्हटलं, कोणता? म्हणे, दुखलं नाही तुमाले? अजिबात नाही, मी सांगितलं. एकतीस वर्षांची सेवा, देवीनं दुखणंच काढून घेतलं.
तिनं पाय जरा वळवला. मग म्हणे, आता? म्हटलं, आता काय? म्हणे, काही नाही. तिच्या हातात काटा तसाच होता, टोक माझ्या पायाच्या करंगळीवर.
बायकांना दुसऱ्याचा चमत्कार पटत नाही. हळद लावली. उद्या नेहमीप्रमाणे पायी.

२८ सप्टेंबर, रविवार.
सर आले. कुठवर आलं वाचन? म्हटलं, दोनशे पानं. राजाचा शेवट कसा वाटला, म्हणाले. म्हटलं, मन हेलावलं. सर म्हणाले, राजा शेवटपर्यंत जिवंत आहे, शेषराव. म्हटलं, म्हणूनच.
ते गेल्यावर कपाटात शाल शोधताना वही सापडली. जयवंतानं सांगितलेल्या अन् रागिणीनं शाळेत असताना लिहून घेतलेल्या पाककृती. बसल्या बैठकीत पूर्ण वाचली. कोहळ्याचे बोंडं तीनदा वाचले. लाल कोहळं किसून वाफवायचं, गूळ, मावेल तेवढी कणीक, तेलात सोडायचं. वाचून शुगर वाढत नाही. वाचनाचा उपयोग आज समजला. फाईलही तिथेच होती, शालीखाली. तिच्यावर शाल नीट घडी करून ठेवली.
चौथ्यांदा वाचून जयवंताला हाक मारली, कोहळं आहे काय घरात? म्हणे, उपासाले कणीक चालत नाही. दसऱ्याले पाहू.
अंगठा जरा सावळा दिसतो. चिखलाचा डाग. घासला, जात नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार.
घरात वास येते. कुंदनला म्हटलं, मागच्या अंगणातला झेंडू सडला, पहिले फेक. तो म्हणे, बाबा, थो कालच फेकला. म्हटलं, नीट पाह्य. त्यानं अंगण झाडलं, धुतलं, टोपलेसुद्धा गच्चीवर नेले. वास आहेच. झेंडूचा वास भिंतीत मुरतो. दुपारी जेवताना सुनेनं नातीला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. तिलाही झेंडू सहन होत नाही दिसते.
आज साबुदाण्याची उसळ, भगर, ताक. ताकामुळे हलकं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
नेम पार पडला. एकतीसचे बत्तीस. चप्पल घालायला गेलो, उजवी शिरत नाही. आजकाल चपला छोट्या करतात.
लोक सोनं द्यायला आले. पायावर चादर घेऊन बसलो. सगळ्यांना वाटलं, म्हातारा थकला. थकलो नाही, चादर होती म्हणून घेतली.
बोंडं झाले. सात. बाहेर कुरकुरीत, आत गुळाचा ओलावा. दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट झोप लागेल असं वाटलं. जयवंतानं एकही खाल्लं नाही. समोर बसून माझ्याकडे पाहात होती. म्हटलं, काय पाह्यते? म्हणे, खा न. खाऊन घ्या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
तिवस्याला एक माणूस लेप देतो, असं ऐकून होतो. कुंदनला म्हटलं, चाल. म्हणे, डॉक्टरकडे चालत असाल तर आत्ता गाडी काढतो, लेपासाठी नाही. आजकालच्या पोरांचा झाडपाल्यावर विश्वास नाही, अन् धंदा झाडपाल्याचा. शेअरच्या जीपनं एकटाच गेलो. वाटेत मोझरीचा आश्रम लागला, बसल्या जागी हात जोडले.
लेपवाल्यानं विचारलं, दुखते काय? म्हटलं, बिलकुल नाही. तो खूश झाला. म्हणे, दुखत नाही म्हंजे बरं होऊन राहिलं. इतक्या दिवसांत एक जाणकार माणूस भेटला. हिरवा लेप, पाच दिवस काढायचा नाही.
कादंबरी जीपमध्ये राहणार होती, लक्षात आलं म्हणून आणली. पान ११.

५ ऑक्टोबर, रविवार.
जयवंता स्वयंपाकघरात फोनवर. हळू बोलत होती, पण माझे कान माहीत असून ती विसरते. रागिणीला म्हणे, बाई, पाय काळा पडून राहिला, वर सरकून राहिला, अन् याइले काहीच दुखत नाही, त्याचंच भेव वाटते. मग बराच वेळ नुसतं नाक ओढत होती. कांदा कापत असावी. भाजी मात्र आज बिनकांद्याची होती.
निष्कर्ष: पोरीला दिवाळीच्या आधी माहेरी आणायचा बहाणा. आईचं मन.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी.
अंगात कसकस. ताप १०२. ऋतू बदलला की असं होते. गच्चीवर मसाला दूध केलं. मला खाली आणून दिलं. वेलची, केशर, वर जाड साय. एक घोट घेतला अन् ठेवून दिलं.
नको वाटलं. गोड नको वाटलं असं माझ्या आयुष्यात झालं नाही.
साखर कमी पडली असेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी.
रागिणी आली. बडनेऱ्याला उतरून थेट ऑटोनं. चहा घेतला नाही. लेप कोमट पाण्यानं सोडवला. पाहिलं. उठून कपाटातून फाईल काढली अन् उभ्यानंच मोठ्यानं वाचली. पायांची संवेदना खूप कमी झालेली आहे. जखम झाली तर कळणार नाही. अनवाणी चालू नये. रोज पाय तपासावे. सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत.
म्हणे, बाबा, हे दोन महिने घरात होतं, वाचलं नाही तुमी? म्हटलं, कादंबरी चालू होती.
ती व्हरांड्यात गेली. तिथं कुंदन. त्याचं ऐकू आलं. म्हणे, मी रोज भांडून राहिलो ताई, आता बोलणंच सोडलं होतं, पाय गेला तर मी याइच्याकडे पाहू कसा? मग आवाज फुटला त्याचा. त्याला धुळीची अॅलर्जी आहे, लहानपणापासून.
लहानपणापासून नाही. आजच दिसली.

८ ऑक्टोबर, बुधवार. अकोला.
भरती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे मिटा, मी कोणत्या बोटाला हात लावते ते सांगा. पाचपैकी दोन बरोबर आले. म्हटलं, चाळीस टक्के, म्हणजे पास. बाई हसल्या नाहीत. रागिणीही नाही. ती एरवी माझ्या कोणत्याही गोष्टीला हसते.
बाई म्हणाल्या, अंगठा गेलेला आहे. तो काढला तर पाय वाचेल. थांबलो तर पायाची खात्री मी देत नाही.
म्हटलं, नखावर भागेल काय? सवय आहे, पहिल्या भावावर कधी हो म्हटलं नाही. बाई म्हणाल्या, काका, इथं भाव होत नाही.
हाच पाय. हातगाडीला रेटा द्यायचा तो याच अंगठ्यानं, चढावर. ही गोष्ट बाईंना सांगणार होतो. त्यांना दुसरा पेशंट होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळ.
उद्या सकाळी ऑपरेशन. संमतीच्या कागदावर सही केली. उद्यापर्यंत काहीतरी चमत्कार होऊ शकतो, असं जयवंताला म्हणालो. ती म्हणे, झाला तेवढा पुरे.
रात्रीपासून उपाशी राहायचं आहे. हा उपास फराळाशिवाय. घशाखाली काही नाही अन् मन जाग्यावर नाही. कादंबरी उघडली, अक्षरं नुसती पळतात. पिशवीत जयवंतानं वही टाकली होती. ती मोठ्यानं वाचायला घेतली. कोहळं किसून वाफवावं. जयवंता मधेच म्हणे, वाफवून मग पिळायचं, ते पोरीनं लिहिलंच नाही. पुढं वाचलं. बाजूच्या खाटेवर रामराव, मूर्तिजापूरकडचे, त्यांचा टाचेखालचा घाव. डोळे मिटूनच म्हणाले, जायफळ टाकाचं लिहिलं नाही काय? म्हटलं, नाही. म्हणे, मंग कायचे बोंडं. पलीकडची बाई म्हणाली, आमच्यात विलायची टाकतात. रामराव म्हणाले, तुमच्यात काही टाका, बोंडात जायफळच. नर्स आली, म्हणे, काय चालू आहे, सगळे शुगरचे पेशंट अन् गुळाच्या गोष्टी. रामराव म्हणाले, बाई, कानात जाऊन राहिलं, पोटात नाही. काका, वाचा पुढं. नर्स जरा उभी राहिली अन् गेली.
मग कोथिंबिरीची सांभारवडी वाचली. मग अंबाडीची भाजी. सगळे ऐकत होते. एवढा वेळ उद्याची आठवण झाली नाही.
वही संपली तेव्हा झाली.

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी.
काल अंगठा काढला. पाय राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी चार दिवस गेले असते तर. एवढंच म्हणाल्या.
पहाटेपासून उजवा अंगठा ठणकतो आहे. नर्सला सांगितलं. ती म्हणे, काका, तो तर काढला न काल. म्हटलं, ठाऊक आहे मले. पण ठणकून राहिला. तिनं चादर उचलून पाहिली, पट्टी ठीक होती. म्हणे, होते असं कोणाकोणाले. कागदावर लिहून गेली.
जयवंता स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. यंदाचं पहिलं, अजून हिरवट. दोन फोडी माझ्या, बाकी रामरावांच्या घरच्यांना. माझ्याकडे न पाहता म्हणाली, दुखते काय?
नाही म्हणायला तोंड उघडलं होतं.
हो, म्हटलं.
तिचा हात थांबला. म्हणे, लय?
लय, म्हटलं.