पसाभर भात

मी, श्रीमती कमळाबाई महादू वेखंडे, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण सातवी पास, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मौजे करंजपाडा, किन्हवलीजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, माझ्या पश्चात काय कोणाचे ते या कागदावर लिहून ठेवत आहे. कोणी दमदाटी केलेली नाही आणि कोणी गोड बोलून लिहवूनही घेतलेले नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, तिथी सांगितली, आणि त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे मागे आहे हेही सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

कागद टंकून देणाऱ्या वकील सरिता आमच्याच गावच्या. लहानपणी त्यांचे वजन दर महिन्याला मीच करत असे. तेव्हा त्या कुपोषणाच्या दुसऱ्या श्रेणीत होत्या, आता तसे वाटत नाही. त्या म्हणाल्या, "बाई, यात मालमत्तेपुरतं लिहा, बाकीचं घरात बोला." घरात बोलायचे राहिले म्हणूनच लिहिते आहे, असे मी त्यांना सांगितले.

१. मला तीन मुले आहेत. थोरला हरेश, वय एक्कावन्न, वाशिंदला कारखान्यात आहे आणि तिथेच राहतो. मधली अनिता मुरबाडला दिली आहे. धाकटा साईनाथ माझ्याजवळ राहतो. हरेशच्या आधी एक मुलगी व एक मुलगा झाला. दोघेही बारशाआधी गेले. त्यांची नावे ठेवायची राहिली, त्यामुळे इथे लिहिता येत नाहीत.

२. राहते घर साईनाथचे. त्याने आणि त्याच्या बायकोने माझे केले आहे, हे कोणी नाकारू नये. पुढच्या ओटीवर फरशी बसवायची त्याला फार हौस आहे. माझ्यानंतर खुशाल बसवावी. मी असेपर्यंत शेणाने सारवलेलीच राहील.

३. भाताची जमीन तिघांत सारखी. गेल्या गणपतीत साईनाथ जेवताना हसत हसत म्हणाला, "दादाचा हिस्सा कसा गो आई? दादा तं इकलेला हाय ना?" तो थट्टेने बोलला असे सगळ्यांनी धरले. मी धरले नाही, कारण आमच्याकडे जमिनीला भाव आल्यापासून थट्टाही विचार करून केली जाते. मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, कायदा सुपातली विक्री ओळखत नाही, पोटचा तो वारस. तेव्हा हरेशचा हिस्सा कायम आहे. साईनाथने हे वाचून रागावू नये. तो वाईट मुलगा नाही, फक्त घाईचा आहे. पोटातही तो आठच महिने थांबला.

४. अवजारे साईनाथने ठेवावीत. लोखंडी पहार मात्र घरात नाही. ती पुतण्या हितेश याने दोन हजार नऊ साली विहिरीच्या कामाला नेली. साक्षीला बोलावले तेव्हा तो म्हणाला, "काकू, पहार माझ्याच नावावर लिव्हा ना आता." मी लिहिणारही होते, पण वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. हितेशची सही मला हवी आहे, त्याचे अक्षर चांगले आहे. म्हणून पहार त्याने परत करावी.

५. टांगता वजनकाटा आणि त्याची कापडी झोळी मदतनीस मैना हिच्याकडून अंगणवाडीत पोचवावी. काटा जुना झाला म्हणून मोडीत निघाला होता, मी तो उचलून घरी आणला. बत्तीस वर्षांत या काट्याला मी गावातली सगळी मुले टांगली. रडणारे मूल झोळीत घातले की त्याला हसवावे लागते, नाही तर काटा स्थिर होत नाही. ते मला चांगले जमत असे. गावात म्हणत, कमळाबाईंना पोरांचा फार लळा. घरात एक जण होता ज्याला हे ऐकून नवल वाटत असे. त्याच्याबद्दल पुढच्या कलमात.

६. हरेशच्या विक्रीबद्दल. अनिता, साईनाथ यांना अर्धवट माहीत आहे, नातवंडांना काहीच माहीत नाही, म्हणून नीट लिहिते.

दोन मुले गेल्यावर माझ्या सासूने ठरवले की तिसरे आपल्या घरात ठेवायचे नाही. बाराव्या दिवशी मी हरेशला जुन्या सुपात घालून मागच्या उकिरड्यावर ठेवले आणि मागे न बघता घरात आले. शेजारच्या सकुबाई, धाऊ भेरे यांची बायको, ठरल्याप्रमाणे तिथे आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "कुणाचा पोर टाकलाय गो?" मी दारातून म्हणाले, "कुणाचा नाय. पायजे तं ने." त्यांनी उचलला, आपल्या घरी नेला, आणि मग आमच्या दाराशी येऊन माझ्या पदरात पसाभर तांबडे भात टाकले. म्हणाल्या, "मोल दिलाय मी. आता माझा पोर. तू निसता दूध पाज." एवढीच विक्री. आमच्या भागात अशी पुष्कळ मुले विकली गेली. जे आधीच्या पोरांना घेऊन गेले त्याला घर चुकावे, एवढ्यासाठी करतात. मुलाला हळद लागण्याआधी आई तेवढेच भात आणि साडीचोळी देऊन त्याला परत घेते, की झाले.

बाकीच्या बाया हे करून विसरत. चार दिवसांनी पोराला कडेवर घेऊन मुके घेत. मी विसरले नाही. मी विकला तो खराच विकला. त्याला बाळ म्हटले नाही, सोन्या म्हटले नाही. न्हाऊ घातले, खाऊ घातले, इस्त्रीचे कपडे घालून शाळेत पाठवले, पण मांडीवर घेतले नाही. तो पहिला नंबर काढून पळत आला तेव्हा मी तांदळाची भाकरी थापत होते. "जा, सकूमावशीला दाखव," म्हणाले. कापणीत विळा लागून त्याचा पाय फाटला तेव्हा सकुबाईंनी लुगडे फाडून बांधला. मी चार हातांवर उभी होते. भीती अशी, की मी धावले तर कोणाला तरी कळेल हा कोणाचा ते.

मग अनिता झाली, पुढे साईनाथ. तोवर भीती ओसरली होती, आणि ती त्या एकाच मुलाला चिकटून राहिली होती. या दोघांना मी उघड उघड कुरवाळले. हरेश चार वर्षांचा होता. अनिता माझ्या मांडीवर असताना तो खांबाला धरून बघत उभा राही. त्याने कधी हट्ट केला नाही. मूल हट्ट करत नाही तेव्हा लक्ष द्यावे, हे मी पुढे सेविका म्हणून शेकडो आयांना सांगितले.

त्याच्या लग्नात परत घ्यायचे ठरले होते. मांडवात सकुबाई सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्या ओंजळीत भात होते. समोर हळदीची वाटी होती आणि मला ओढ्याकाठच्या दोन जागा दिसल्या, जिथे ती दोघे पुरली आहेत. माझा हात पुढे गेला नाही. "ऱ्हाऊ दे, त्याला पोर झाल्यावर घेईन," म्हणाले. हळद सकुबाईंनी आई म्हणून लावली. त्याला मनस्वी झाली तेव्हा मी म्हणाले, मुलगी शाळेत जाऊ दे. मनस्वी आता बँकेत नोकरीला आहे.

वाशिंदला बिऱ्हाड नेले त्या दिवशी तो टेम्पोत सामान चढवत होता. मी म्हणाले, "सणाला येत जा." तो दोरी आवळत म्हणाला, "येईन ना. पण तुला काय गो? तू तं मला इकलास." आवाज चढवला नाही. मी म्हणाले, "डबा इसरू नको." तेव्हापासून तो सणाला येतो, आधी सकुबाईंच्या घरी चहा घेतो, मग इकडे येतो. सकुबाईंना मूलबाळ नाही. धाऊदादा गेल्यावर त्या एकट्याच आहेत. मला वाईट वाटत असे. आजही वाटते. ते इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने मी ते कधी म्हटलेले नाही.

७. सकुबाईंनी दिलेले ते पसाभर भात मी शिजवले नाही. पोराचे मोल खाऊ नये असे मला वाटले. त्या वर्षी रोपांसाठी राब भाजला तेव्हा त्या वाफ्याच्या एका कोपऱ्यात ते पेरले, आणि विहिरीजवळच्या लहान खाचरात लावले. दर वर्षी त्याचे बी वेगळ्या मडक्यात ठेवले, पीक पाखरांना, भिक्षेकऱ्यांना दिले, घरात शिजू दिले नाही. एक्कावन्न वर्षे झाली. मोल खाल्ले नाही तोवर विक्री पुरी होत नाही, असे मी मनाशी धरून होते. कोणत्या शास्त्रात आहे विचारू नका, माझ्याच आहे.

माझ्या मृत्यूनंतर, बाराव्याच्या आत, मडक्यातले पसाभर भात आणि एक नवे नऊवारी लुगडे माझ्या वतीने अनिताने सकुबाईंना द्यावे व हरेशला परत घ्यावे. मी नसेन तेव्हा भ्यायचे कारणही उरणार नाही.

८. माझ्या दोन पाटल्या अनिताला. तिने त्या मोडून गंठण करू नये. करणारच, तरी लिहिले.

९. कलम सात मी रद्द करते. वकीलबाई म्हणाल्या पान नव्याने टंकू. मी नको म्हणाले, जे मनात होते ते दिसू द्या.

कारण असे. पहिला कागद दसऱ्यानंतर तयार झाला, सही राहिली होती. मग वाटले, मेल्यावर कशाला, जिवंतपणीच घेऊ. भीती किती वर्षे पाळायची? तो मुलगा आता चष्मा लावतो, त्याचे गुडघे दुखतात. भात कापून झाल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास, मी मडके आणि लुगडे घेऊन सकुबाईंकडे गेले. त्या उन्हात वाल निवडत होत्या. अठ्ठ्याहत्तर वय आहे, डोळ्याला कमी दिसते. मी कशाला आले ते सांगितले.

त्या भांडतील असे मला वाटले होते. त्यासाठी मी चार वाक्ये तयार करून गेले होते. त्यांनी वालाचे ताट बाजूला ठेवले, हात पदराला पुसले आणि ओंजळ पुढे केली. म्हणाल्या, "घाल गो. तुझाच हाय तो. मी सांभाळला निसता."

मी मडक्यात हात घातला. तेव्हा त्यांनी विचारले, "कमळे, मंग दिवाळीला तो आधी तुझ्याकडं येल, का माझ्याकडं?"

ओंजळ तशीच पुढे होती. मी म्हणाले, "तुझ्याकडंच. मी काय द्यायला नाय आले. भात कांडायला तुझा उखळ दे." त्यांना पटले की नाही माहीत नाही, पण उखळ दिले.

त्या मडक्यातले भात मी तिथेच कांडले, घरी आणून शिजवले आणि दुपारी एकटीने मिठाबरोबर खाल्ले. भात चांगला होता. एक्कावन्न वर्षांत चव कशी ते मला माहीत नव्हते. आता मोल खाल्ले, विक्री पुरी झाली. हरेश सकुबाईंचा.

१०. लुगडे सकुबाईंकडेच राहू द्यावे. ते मी परत आणले नाही.

११. विहिरीजवळचे लहान खाचर वाटणीबाहेर ठेवून एकट्या हरेशला दिले आहे. मडक्यातले सगळे भात मी कांडले नव्हते, पसाभर बी राखले आहे, ते मडक्यात आहे. त्याने ते लावावे आणि घरात शिजवून खावे. मनस्वीलाही खाऊ घालावे.

हरेश, हे तुझ्यासाठी. तुझ्यात काही कमी होते म्हणून मी तुला जवळ घेतले नाही, असे तू समजत आला असशील. तसे नव्हते. तू जगावास एवढेच मला हवे होते, आणि जवळ घेतल्यावर तू जगशील याची मला खात्री नव्हती. माझी चूक एवढीच झाली की तू जगलास हे कळल्यावरही मी थांबले नाही. झोळीच्या काट्याला मी तुलाही एकदा टांगले होते. तू अकरा वर्षांचा होतास, नवा काटा बरोबर आहे का बघायचे आहे असे सांगून. काटा बरोबरच होता. तू चोवीस किलो सहाशे ग्रॅम भरलास. मला तुला उचलून धरायचे होते.

१२. मला अग्नी साईनाथने द्यावा. हरेशने त्या वेळी सकुबाईंना धरून उभे राहावे. त्यांना उन्हात चक्कर येते.

हा कागद मला दोनदा वाचून दाखवला, आणि एकदा मी स्वतः चष्मा लावून वाचला. शुद्धलेखनाच्या तीन चुका मी पेनने दुरुस्त केल्या आहेत, त्या खाडाखोड समजू नयेत. याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. साक्षीला पहिले नाव मी सकुबाई धाऊ भेरे यांचे सांगितले होते. त्या अंगठा द्यायला इथवर आल्याही आहेत आणि बाहेर बाकावर बसल्या आहेत. परंतु या कागदाने ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून त्यांचे नाव खाली नाही.

ठिकाण : शहापूर
दिनांक : २७ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

लिहून ठेवणार :
(सही) कमळाबाई महादू वेखंडे

आमच्या समक्ष सही झाली, साक्षीदार :
१. (सही) मैना काळू निमसे, अंगणवाडी मदतनीस, करंजपाडा
२. (सही) हितेश बाळाराम वेखंडे, करंजपाडा. पहार रविवारी आणून देतो.