आधी पाणी, मग आम्ल

३ जुलै
आजपासून मी मॅडम! पीएच.डी. करायची तर पहिल्या वर्षाच्या मुलांची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकलं घ्यावीच लागतात, असा इथला नियम. गाईड म्हणाले, वेळ फुकट जातो, पण गळ्यात पडलंय ते निभवा. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शिकवलं की आपलंच कच्चं पक्कं होतं. लॅब ऐसपैस आहे, नळ तेवढे गळके. एका मुलाने मलाच विचारलं, तुझी बॅच कुठली? पहिला धडा सल्फ्युरिक आम्ल पातळ करण्याचा: आधी पाणी घ्यायचं, मग त्यात आम्ल थेंबथेंब. उलट केलं तर उकळून तोंडावर उडतं. सगळ्यांना कळलं. सिंकजवळच्या टेबलाशी एकटीच उभी असलेल्या मुलीला तेवढं कळलं नाही. तिला पुन्हा सांगितलं.

१० जुलै
सिंकजवळची मुलगी सगळं विसरून आली. पाटी कोरी. पण तिचा राग येत नाही. माझी धाकटी बहीण पाढे शिकताना असाच चेहरा करायची. ती मुलगी म्हणाली, ताई, तुम्ही मध्येच जाऊ नका हं. मी तास संपल्यावरही थांबले. तोवर वरच्या मजल्यावर माझा स्वतःचा प्रयोग वाया गेला आणि गाईडनी खरपूस समाचार घेतला.

१७ जुलै
मुलं विचारत होती, मॅडम, त्या रिकाम्या टेबलाशी तुम्ही कोणाशी बोलता? मला वाटलं, थट्टा करताहेत. मग लॅबच्या काकांनी बाजूला घेऊन सांगितलं. पूर्वी तिथे एक मुलगी आम्लाने भाजून वारली. तिला शिकवणारा माझ्यासारखाच संशोधक, धडा अर्धा टाकून आपला प्रयोग बघायला वर गेला होता. तिने उलटं ओतलं. काका म्हणाले, तिला उत्तर देऊ नका. रडू आलं. पोरीने विचारलं होतं, आणि सांगायला कोणी नव्हतं.

२४ जुलै
तिच्याकडे पाहिलंच नाही. गाईडनी बोलावलं म्हणून वर गेले, अगदी थोडा वेळ. खालून किंकाळी. चष्मेवाला, वर्गातला सगळ्यात हुशार. हात भाजलाय. म्हणतो, शेजारून कोणीतरी हात धरून उलटं ओतायला लावलं. गार हात होता.

ती दुष्ट नाही. मी गेले की घाबरते, आणि जवळ असेल त्याचा हात धरते.

३१ जुलै
आता लॅब सोडत नाही. गाईडनी माझं नाव काढून टाकलं. टाकू देत. मुलं सुखरूप आहेत — मी इथून का हलत नाही, ते आईला फोनवर नीट सांगता आलं नाही. ती धाकटीला पाठवतेय, मला घरी न्यायला. येऊ नको म्हटलं. ऐकत नाही.

२ ऑगस्ट
धाकटी आलीय. बाहेरच थांब म्हटलं — आत आली. म्हणते, वाळून काडी झालीस, चल. टेबलावरची आम्लाची बाटली उचलून बघतेय, हे काय गं ताई —

सिंकजवळची रडतेय. म्हणते, तुम्ही जाणार. नाही, बाळ, नाही जात, पुन्हा सांगते, पहिल्यापासून — ऐकत नाही —

धाकटी म्हणते, इथे गारठा किती, माझा हात बघ कसा