माऊस ठीक आहे

रांझी, जबलपूर
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय अवंतिका,

तुला भरभरून आशीर्वाद. इथे थंडी पडायला लागली, आईने स्वेटर उन्हात टाकलेत. आम्ही मजेत आहोत असं लिहिणार होतो, पण ते पुढे बघू. फोनवर तू विचारतेस आणि मी विषय बदलतो, म्हणून या वेळी लिहूनच काढतो.

तू बनवलेली छोटी छोटी ॲप्स आपल्या कॉम्प्युटरवर ठाण मांडून बसली आहेत. ते मराठीत वेळ सांगणारं घड्याळ आईला फार आवडलं. कोपऱ्यात 'पावणेदहा' आलं की म्हणते, "चलो, कुकर लावते." स्क्रीनवरच्या खिडकीच्या कडेला बसणारी चिमणी मात्र माझ्या नकाशावर उड्या मारून राहिली होती, तिला बंद केलं. रागावू नको. तूच दर वेळी लिहितेस ना, 'प्रयोग आहे बाबा, त्रास झाला तर काढून टाका.'

इथल्या गढा भागातल्या जुन्या तलावांचा नकाशा चालू आहे. सारी नोकरी फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली, आता रिकामं बसवत नाही. पण दिवाळीच्या आधीपासून रेषच नीट येईना. माऊसचा बाण तलावाच्या काठावर ठेवला की पाण्यात जायचा. मी तुला सांगितलं, माऊस बिघडला. तू नवा पाठवलास. तोही तसाच. शेवटी आपल्या इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातून बंटीला बोलावलं, तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने माऊस थोडा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "अंकल जी, माउस तो एकदम ठीक है." मग त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. चहाही न घेता गेला.

तुला मात्र मी फोनवर सांगितलं, बंटी म्हणतो माऊसच खराब आहे. तू "अच्छा" एवढंच म्हणालीस.

आठवडाभराने तुझं नवं ॲप आलं. बाण थरथरला तर ते थरथर सोडून देतं, आणि हाताला खरंच जिकडे जायचं असतं तिकडेच बाण नेतं. सोबत तू लिहिलं होतं, 'माऊस खराब असला तरी चालेल, बाबा.' त्या दिवशी देवताल तलावाचा सगळा काठ एका बैठकीत काढून झाला. बेटा, बिघडलेल्या माऊससाठी कोणी असं ॲप बनवत नाही. तुला कळलं होतं.

तर ऐक. उन्हाळ्यापासून उजवा हात कापतो. इथल्या डॉक्टरांना दाखवलं, पार्किन्सनची सुरुवात आहे म्हणाले. गोळ्या चालू आहेत. एकदा नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या म्हणाले. तुला सांगितलं नाही, कारण तू नुकतीच नोकरी सोडून तुझी मैत्रीण समिधा हिच्याबरोबर हे ॲप्सचं काम सुरू केलं. सगळं गुंडाळून तू इथे येशील, ही भीती होती. तू आहेसच तशी.

काल आईला सांगितलं. ती मेथी निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत आहे."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही काहून नाही बोलले? इतक्या दिवसांपासून अर्धाच कप चहा देऊन राहिली मी तुम्हाला, सांडू नये म्हणून. तुम्हाला काय वाटलं, दूध महाग झालं?"

मला खरंच तसं वाटलं होतं. ते ऐकून ती हसली, मीही हसलो. मग मेथी तशीच टाकून माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही दोघं किती दिवस एकमेकांना सांभाळत एकटे घाबरत होतो, ते तेव्हा कळलं.

तू काम सोडू नकोस. हे नवं ॲप माझ्यापुरतं ठेवू नको, सगळ्यांना दे. माझ्यासारखे कितीतरी जण आपला माऊस बदलत बसले असतील.

पाच डिसेंबरला नागपूरला दाखवायचं आहे. आई बरोबर आहेच, पण आम्ही दोघंही घाबरलो की डॉक्टर काय म्हणतात ते आम्हाला ऐकूच येत नाही. तू पुण्याहून परस्पर तिकडेच पोच. आजवर तुला नेहमी 'सवड असेल तर ये' असंच म्हणत आलो. या वेळी तसं म्हणत नाही.

ये.

तुझी वाट पाहणारा,
बाबा