ऐकण्याचा कोपरा

प्रिय मेघना,

शाळा सुटून अर्धा तास झाला. चटया गुंडाळल्या, झाकणं डब्यात भरली. घरी गेले तरी तिथे मी एकटीच, म्हणून वर्गातच लिहायला बसले आहे.

आपले चारही कोपरे अजून चालू आहेत गं. दुसरीच्या बेचाळीस मुलांत कुणी अख्खी गोष्ट वाचायचं, कुणाला 'क' आणि 'फ' सारखेच दिसायचे. सगळ्यांना एकच फळा दाखवून भागत नाही म्हणून तू हे काढलंस. पहिल्या दिवशी सहदेव सर दारात उभे राहून म्हणालेले, "बाई, हा वर्ग आहे की जत्रा?" आणि तू म्हणालीस, "जत्राच आहे सर, या, तुम्हीपण फिरा!" अजून तसंच चालतं. एका कोपऱ्यात बाटल्यांच्या झाकणांवरची अक्षरं जुळवायची, दुसऱ्यात जोडीने वाचायचं, तिसऱ्यात लिहायचं, चौथ्यात ऐकायचं. पंधरा मिनिटांनी घंटी वाजली की गट पुढे सरकतात. पूर्वी आपल्यातली एक अडलेल्या मुलांना घेऊन बसायची आणि दुसरी फिरायची. आता बसणारी मी, फिरणारी मी, घंटीही मीच. तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. स्टाफरूममध्ये तुझ्या खुर्चीवर वह्यांचे गठ्ठे ठेवतात, म्हणून मी डबा इथेच खाते.

प्राची नावाची एक मुलगी जूनमध्ये आली. आंबिवलीहून हे कुटुंब कळव्याला आलंय, वडील रंगकाम करतात. तीन महिने ती वर्गात एक शब्द बोलली नाही. पण ऐकण्याच्या कोपऱ्यातून हलायची नाही. तुझ्या जुन्या मोबाईलवर तू रेकॉर्ड करून ठेवलेल्या गोष्टी ती लावायची, पुस्तक मांडीवर घ्यायची आणि ओळीखालून बोट फिरवत राहायची. घंटी झाली तरी उठायची नाही. शेवटी मीही तिला उठवायचं सोडून दिलं.

मागच्या मंगळवारी मोबाईलचं चार्जिंग मध्येच संपलं. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने पुस्तक मिटलं नाही, मोठ्याने वाचायला लागली. ऐकून ऐकून पाठ झालं असेल म्हणून मी तिला एक नवंकोरं पुस्तक दिलं, कासवाचं, अजून कुणी न उघडलेलं. अक्षराला अक्षर लावत, अडखळत, घाम पुसत तिने पहिलं पान वाचलं. खाली पोचली, थांबली, आणि म्हणाली, "हं, उलटा बरं पान." मेघना, पुस्तकात हे कुठेही नाही. हे मोबाईलमधली तू म्हणतेस. तिने प्रत्येक पानाला ते म्हटलं. वाचायचं म्हणजे हेही म्हणायचंच, असं तिला वाटतं. मी दुरुस्त केलं नाही. फळा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभी राहिले.

खरं तर हे तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेला तेव्हापासून मी फोन करायला घाबरते. आणि हॉस्पिटलमधलं मी विसरलेले नाही. तुझ्या गळ्याची पट्टी बघून मला काय झालं कोण जाणे, मी अर्धा तास मोठमोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत राहिले. तू वहीत लिहिलंस, 'मला ऐकू येतं, रचना.' आणि भिंतीकडे वळलीस. रोज मुलांशी बोलणारी मी, मला साधं गप्प बसता आलं नाही. चौदा महिने झाले, त्या लाजेनेच मी आले नाही. दोनदा कोलशेतला तुझ्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत येऊन परत फिरलेय. मला माफ कर. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा बारापर्यंत पोचेन. प्राचीच्या आईला विचारलंय, ती प्राचीला घेऊन येणार आहे. वाचणारी ती असेल, आपण दोघी ऐकू. आणि दार उघडावंसं वाटलं नाही तर तसं सांगायचीही गरज नाही. आम्ही जिन्यात बसू, ती तिथेच वाचेल, तुला आतून ऐकू येईल.

तुझीच,
रचना