कळकलेलं सार

अमरावती, ७ मार्च १९२९
परवा अकोल्याहून आलो. यांच्या चुलत बहिणीचं लग्न. बडनेऱ्याला गाडी बदलताना ऊन असं की फलाटावर पाय ठेववेना. त्यात लग्नातलं तुपकट जेवण पोटात. काल सकाळी दोनदा उलटी. आल्या-लिंबाचा रस सैंधव घालून चाटला तेव्हा कुठे बरं वाटलं.
ऊन, प्रवास, अजीर्ण. तीन कारणं पुरेत. चौथं शोधायचं नाही.
लग्नघरात सासूबाईंनी (यापुढे नुसतं सा. लिहीन, शाई वाचेल) मला बाजूला बसवून सांगितलं: यवतमाळची एक मुलगी आहे, पत्रिका मागवली आहे. "तुलेही बहिणीसारखी होईल." सहा वर्षांत कूस उजवली नाही, तर त्यांचं तरी काय चुकलं? चुकलंच! हे तिथेच होते. खाली मान घालून पान चघळत होते.

१० मार्च
कावळा शिवायचा दिवस जाऊन आज चार दिवस. शेजारच्या वकीलणबाईंनी मला मोरीशी वाकलेली पाहिलं होतं म्हणे. हसत हसत यांच्या कानावर घातलं. यांनी लगेच अकोल्याला कार्ड टाकलं. मला न विचारता! नि कार्ड. म्हणजे पोस्टातल्या सगळ्यांना आधी कळणार.

१४ मार्च
सा. आल्या. टांग्यातून उतरल्या त्या थेट माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी वाकून नमस्कारच केला.
बरोबर ट्रंक, नि फडक्यात बांधलेली पितळी पातेली. त्यांच्या डोहाळ्यांत त्यांच्या सासूबाई हिच्यातच सार करायच्या. एवढी वर्षं माळ्यावर पडून होती. सा.नी स्वतः चिंच-राखेनं घासून आणली, आतून-बाहेरून पिवळीधमक.
"चुलीपाशी यायचं नाही. आंबट खावंसं वाटत असंल तुले. चिंचेचं सार मी करते."
ट्रंकेतून लुगडं काढताना वरच पत्रिका दिसली. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. मग ती तळाशी सारली.

१८ मार्च
रोज दुपारी सार. रोज तासाभरात उलटी, नि मग तोंडाला तांब्याची चव.
मतं: हे — पित्त. सा. — मुलगा, मुलीला एवढं ओकत नाहीत. वकीलणबाई — दृष्ट. वैद्यबुवा नाडी धरून म्हणाले, इतक्यात काही सांगता येत नाही, साळीच्या लाह्यांचं पाणी द्या. पहिलं वाक्य कोणी ऐकलंच नाही, लाह्या मात्र आल्या. ते पाणी घोटभर घोटभर घेतलं की टिकतं. वेलदोड्याची साल जाळून मधात, तेही बरं. सगळ्यांत बरी वरूडच्या संत्र्याची साल. हुंगत पडून राहायचं.
मी ओकले की सा. खूश. उलटीचं इतकं कौतुक दुसऱ्या कोणाच्या नशिबी आलं नसेल. नि मलाही आवडतंय, खोटं कशाला लिहू. काल झोपाळ्यावर बसले होते तर नुसतं पोटावर हात ठेवून बसले.

२१ मार्च
"बघू तरी," म्हणून यांनी आज वाटीभर सार घेतलं नि शाळेत गेले. तिसऱ्या तासाला मास्तर वर्ग सोडून बाहेर पळाले! घरी येऊन आडवे. आता यांनाही दिवस गेले म्हणायचे. हसू दाबता दाबता ठसका लागला.
सा. म्हणाल्या, "पुरुषाले आंबट सोसत नाही."
दुपारी मी पडल्या पडल्या विचार करू लागले. मग हसू आलं नाही.

२२ मार्च
सा. देवळात गेलेल्या. गंगू माळीण मेथी नि लिंबं घेऊन आली. पातेली अंगणात घासायला ठेवलेली. तिनं सहज उचलली, आतली हिरवट रेघ नखानं खरवडली.
"बाई, याले कलई कुठी हाय? आंबट कळकलं ना याच्यात. मयमय होईन नाही त का होईन वो!"
पितळेचं भांडं आतून पिवळं असतं का कधी? पांढरं हवं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताकसुद्धा ठेवू नये, कळकतं, हे आईनं मी परकर नेसत होते तेव्हा शिकवलं. सा.ना मोतीबिंदू. मला चुलीशी बंदी. यांना पातेली नि तपेली यांतला फरक कळत नाही.
म्हणजे हे सगळं ओकणं पातेलीचं. मग माझं काय उरलं? लांबलेला कावळा. तो तर मागे एकदा दोन महिने असाच फिरकला नव्हता.
गंगूला म्हटलं, कोणाला बोलू नको.
"कावून?"
का ते काय सांगणार. मेथी जास्तीची घेतली.

२४ मार्च
आज सार मोरीत ओतलं. तासाभरानं तिथेच जाऊन नुसता आवाज काढला. खोटं ओकले. सा. पाठीवरून हात फिरवत उभ्या होत्या. रडू आलं. त्यांना वाटलं, ओकारीनं डोळ्यांत पाणी.
सांगितलं तर सार बंद, उलटी बंद, नि पत्रिका ट्रंकेच्या तळातून वर. मला ती मुलगी या घरात नको. लिहून टाकते, म्हणजे मोकळी होते. नको, नको, नको.

२६ मार्च
आज सा.नी स्वतःसाठी वाटी भरली. "तोंडाले चव नाही, घोटभर घेते." साठी उलटलेली, परवाच घेरी येऊन बसल्या होत्या. वाटी ओठांशी गेली नि मी हातच धरला. सार त्यांच्या लुगड्यावर सांडलं.
"पिऊ नका. कळकलंय. पातेलीला कल्हई नाही."
मग सगळं सांगितलं. गंगूचं, यांच्या उलटीचं. खोट्या ओकण्याचंसुद्धा.
पातेली डोळ्यांजवळ धरून त्या दारातल्या उजेडात फिरवत राहिल्या. बोटानं आतून चाचपली. "मी रोज तुले हे पाजून राहिली होती काय गं." मग पातेली खाली ठेवून, "कधीपासून ठाऊक होतं?"
"चार दिवस."
रात्री जेवल्या नाहीत. मीही नाही.

२८ मार्च
कल्हईवाला आला. नवसागराचा धूर अंगणभर. पातेली आतून पांढरी लख्ख. सा. ओट्यावर शेवटपर्यंत बसून होत्या.
उलटी नाही. मळमळही नाही. भूक सपाटून लागते, नि भूक लागली की रडू येतं.
यांनी विचारलं, "मग, नाहीच का काही?"
"मला काय विचारता? यवतमाळला निघायचं तर सांगा, धोतर धुऊन ठेवते!"
हे बाहेर जाऊन उगाच सायकल पुसत बसले.

३ एप्रिल
सा.नी ट्रंक भरली. उद्या दहाला टांगा, बडनेऱ्याहून दुपारची गाडी. पत्रिकेचा शब्द नाही. अकोल्यात काय बोलतील ते बोलतील. मी वाटेसाठी दशम्या केल्या.

४ एप्रिल
सकाळी तोंड धुताना उमासा आला. पोट रिकामं, नुसतं कडू पाणी पडलं. काल मऊ भात खाल्ला होता. सार नाही, ऊन नाही, प्रवास नाही. चूलसुद्धा पेटली नव्हती. आवाज होऊ नये म्हणून तोंडावर पदर दाबला. वळले तर दारात सा.
"खोटं नाही," मी म्हटलं.
"मी विचारलं का?"
आत गेल्या. वेलदोडा सोलून आणला, माझ्या तळहातावर ठेवला.
कावळ्याला आज एकोणतीस दिवस उशीर. मागे एकदा तर दोन महिने झाला होता. विसरायचं नाही.
दहाला टांगा आला. सा.नी त्याला उद्या ये म्हणून परत पाठवलं. ट्रंक बांधलेलीच आहे.