डाव्या हाताचं पान

इबादान,
१४ मार्च २०१०

प्रिय सेगिलोलाताई,

गुडघे टेकून नमस्कार. माझे टेकले की हल्ली उठत नाहीत, तुझे कसे आहेत?

इकडे सगळं ठीक. माझ्या धाकट्या लेकीला मुलगा झाला. नाक थेट मावशीचं, म्हणजे तुझ्या आईचं. रंगाचं अजून सांगता येत नाही.

सव्वीस तारखेला मी निवृत्त होतेय. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या कंपनीने समारंभ ठेवलाय आणि माझ्यावर एक पुस्तिका काढलीय, 'पहिली महिला मुख्य कार्यकारी अधिकारी' वगैरे. तिचं शेवटचं प्रूफ आठवडाभर माझ्या टेबलावर पडलंय. सातवं पान काही माझ्याच्याने सोडवत नाही. तुझं उत्तर आल्याशिवाय मी ते छापायला देणार नाही. फोनवर विषय काढला की तू "जेवलीस का?" विचारून मोकळी होतेस, म्हणून लिहितेय.

त्या पानावर असं आहे: १९७९ साली दुसरीच्या वाचनपुस्तकात एक चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं गेलं. नातू आजोबांना डाव्या हाताने पाणी देतोय! शाळाशाळांतून गठ्ठे परत आले. तेव्हा तरुण संपादक मोरेनिके यांनी दुरुस्त चित्रं घेऊन एकशेबारा शाळा पालथ्या घातल्या आणि कंपनीची लाज राखली.

खोटं नाही गं त्यात काही. घातल्याच पालथ्या. इसेयिनचे हेडमास्तर तर माझ्यावर कडाडलेच, "बाई, कार्टी आता आज्याला डाव्या हाताने वाडगा देतात आणि वर तोंड करून सांगतात, पुस्तकात तसंच आहे! बदडायचं कुणाला, त्यांना की तुम्हाला?" मी त्यांच्या अंगणात गुडघे टेकले आणि तिथेच बसून चित्रं चिकटवली. दोन महिने हाताचा डिंक निघाला नाही. त्यातूनच साहेबांच्या नजरेत भरले. मग तुझं संपादन खातं माझ्याकडे आलं, मग विक्री विभाग, संचालक मंडळ, आणि शेवटी सगळ्यात वरची खुर्ची.

चूक झाली कशी, ते मात्र पानावर नाही.

तू सासूबाईंच्या गावी बारशाला निघाली होतीस. जाताना वाचनपुस्तकाचं प्रूफ माझ्या हातात देऊन म्हणालीस, "नीट बघ आणि माझ्या नावाने सही करून दे." मी अक्षरं बघितली, योरुबा अक्षरांखालचं एकेक टिंब बघितलं. चित्राची छपाईची फिल्म उलटी लागलीय, हे कुठे बघितलं? मुलाचा हातच नाही बघितला मी! गल्लीतल्या कुठल्याही आजीने पहिल्या झटक्यात पकडलं असतं. मी सही ठोकली आणि दुपारच्या जेवणाला अमाला खायला गेले.

मग मोठ्या साहेबांनी ते प्रूफ टेबलावर आपटलं. "सही कुणाची?" मी तुझ्या मागेच उभी होते. तोंड उघडायला हवं होतं, नाही उघडलं. घाबरले होते, आणि खरं सांगू, मला ती नोकरी हवी होती. तू मागे वळूनसुद्धा न बघता म्हणालीस, "माझी आहे, साहेब." तुझी नोकरी गेली आणि महिनाअखेरीला तू ओशोग्बोला दुकानांच्या पाट्या रंगवत होतीस. मी तुझी लाडकी म्हणून तू मला वाचवलंस, अशी एकतीस वर्षं मी माझी समजूत घालत आले.

परवा आपल्या छापखान्यात प्लेटा बनवणारे लासिसीबाबा आले होते. त्यांना आता दिसत नाही, म्हणून मी सातवं पान वाचून दाखवलं. म्हातारा खो खो हसत सुटला.

"हे कुणी लिहिलं? तुम्ही सही करत होतात तेव्हा मी समोरच होतो की, मॅडम!"

"मग बोलला का नाहीत?"

"निघालो होतो ना साहेबांकडे बोलायला. सेगिलोलाने जिन्यात अडवलं. म्हणाली, 'गप्प बसा, बाबा. तिचं नाव निघालं तर सही करायला सांगितली म्हणून मीही जाईन. ह्या साहेबाला तेच हवंय, म्हणजे पुन्हा बाई ठेवायला नको. एक तरी आत राहू दे.'"

ताई, मला तुझा राग आला. निदान सांगायचंस तरी! खातं हातात आल्यावर पहिली पाच वर्षं मी एकही बाई घेतली नाही, माहितीय? भीती वाटायची, एखादी चांगली पोर समोर बसेल आणि मला तू आठवशील. चांगल्या चांगल्या पोरी दारातून परत पाठवल्या. आज बावन्न जणी आहेत, पण त्या पाच वर्षांची मला लाज वाटते, फार लाज वाटते.

सातवं पान मी माझ्या हाताने नव्याने लिहिलंय. चूक माझी, नाव माझं, जिन्यातलं तुझं बोलणं जसंच्या तसं. अध्यक्ष म्हणतात, "कशाला जुनी मढी उकरताय?" मी म्हटलं, सव्वीसपर्यंत ही कंपनी मी चालवतेय.

पान सोबत पाठवतेय. माझ्याबद्दलचं हवं ते खोड, आणखी कडक लिही. फक्त तुझं नाव खोडू नकोस. तू नको म्हणालीस तर पुस्तिका निघणार नाही. माफी मी कागदावर मागत नाही. ती सव्वीसला बावन्नजणींसमोर मागायचीय, आणि त्यासाठी तू समोर हवीस.

तुझ्या जागी राहिलेली,
मोरेनिके