स्टेशनवरचं तिचं वाक्य

गुरुजी, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी आता पुण्याला एका चित्रपट कंपनीच्या कथाखात्यात आहे. आलेल्या गोष्टी वाचायच्या, बऱ्या वाटतील त्या दिग्दर्शकांपुढे ठेवायच्या, संवादांच्या प्रती काढायच्या, असं काम. अमरावतीचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. तास चालू असताना उठलो आणि बाहेर पडलो. वह्याही बाकावरच राहिल्या.

आपल्या कामरगावच्या बाजाराच्या मैदानात मुक्या चित्रपटाचा तंबू लागला होता, तो आठवडा मला अजून नीट आठवतो. त्यांचा वाचणारा माणूस तापानं पडला, म्हणून पडद्यावरची अक्षरं लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायला तुम्हाला नेलं. तुम्ही पडद्याच्या कडेला उभे, हातात शाळेतलीच छडी. चित्रात एक पोर पुरात वाहून जातं. अक्षरं उमटतात आणि तुम्ही वाचता, "लेकरू खालच्या गावात सापडलं. मामाच्या घरी सुखात हाये." मी तिसरीत, नुकताच भरभर वाचायला लागलेला. ताडकन उठून ओरडतो, "गुरुजी खोटं वाचून राह्यले! मेलं म्हणून लिवलं हाये!" तंबू हसला. "गुरुजी, चष्मा बदला आता!" असंही कोणी म्हणालं. बायांच्या बाजूनं एक बाई मात्र उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मारलं नाही. "तुले वाचता येते रे," एवढं म्हणालात. मग, "काल बायाइकडं पाह्यलं होतं काय तू? पोळ्याच्या दिसात त्या उठून गेलेल्या बाईचं पोरगं नाल्याच्या पुरात गेलं. शेजारणीनं बळजबरी आणलं होतं तिले, घडीभर मन रमावं म्हणून."

"पण लिवलं तं तसंच होतं ना!" मी म्हणालो.

"हो. लिवलं तसंच होतं," म्हणून तुम्ही फळ्याकडे वळलात. शिक्षा झाली नाही, याचाच मला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.

कॉलेज सोडलं ते एका मुलीपायी. वाशीमच्या वकिलाची मुलगी, माझ्याच वर्गातली. तिचं लग्न वाशीममध्येच ठरलं. वाशीमच्या स्टेशनवर मी तिच्यावर आरडाओरड केली, हमालसुद्धा थांबून बघत होते. ती शांतपणे म्हणाली, "तुमी चिडता ना, तवा मले बरं वाटते. वाटते, कोणाले तरी माझी पर्वा हाये." आणि टांग्यात बसून गेली. रडली नाही. वळूनही पाहिलं नाही.

इथं आल्यावर मी ते सगळं तीन दिवसांत लिहून काढलं. वकील बाप, स्टेशन, टांगा, तिचं बोलणं जसंच्या तसं. बदललं एवढंच की माझ्या गोष्टीत ती लग्नानंतर परत येते, पाया पडते, रडते, आणि तो तोंड फिरवून गाडीत चढतो. दिग्दर्शकांना गोष्ट आवडली. "हे पर्वा असल्याचं वाक्य कुठनं आणलंस रे? पोरगी जिवंत झाली त्यानं," म्हणाले. चित्र चाललं तर मला कथाखात्यात कायम करणार आहेत. वर्षभरात ते वाशीमलाही लागेल. तिथं त्या स्टेशनवरचा तमाशा सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्या नवऱ्यालाही असणार. ती परत आली नव्हती हे खात्रीनं ठाऊक असलेली माणसं तीनच: ती, मी, आणि आता तुम्ही.

आज दुपारी दिग्दर्शकांनी विचारलं, "उद्या स्टेशनचं शूटिंग. काही बदलायचं असेल तर आत्ताच सांग." मी नाही म्हणालो. विचार करायला वेळही घेतला नाही.

हे पत्र टाकायचं कुठं हा प्रश्नच नाही. कॉलेजातले दोन मित्र आहेत, थोरला भाऊ आहे, त्यांपैकी कुणालाही लिहिता आलं असतं. पण त्यांचं उलट टपाली उत्तर आलं असतं, म्हणून तुम्हाला लिहिलं.